एल्मायराची एकोणीस महिन्यांची नोकरी

लग्न टाळायला माझा मुलगा आल्दो एक अख्खी युद्धनौका वापरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

नौकेचं नाव ‘एल्मायरा’. नऊ मोठ्या तोफांची ही क्रूझर बॉस्टनजवळ, आमच्या क्विन्सीच्या गोदीत तीन वर्षं बांधत होते. आल्दोशी लग्न ठरलेल्या रिना पेट्रिलोनं तिचे पत्रे वेल्डिंग करून जोडले आणि आल्दो तिच्यावर पाव भाजायला रुजू झाला. म्हणजे मुलीनं बांधलेल्या घरात मुलगा राहायलासुद्धा गेला, लग्न तेवढं बाकी.

पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात नौका नौदलात दाखल झाली. महायुद्ध संपून दोन महिने झाले होते, त्यामुळे माझी निम्मी काळजी कमी झाली होती. त्या दिवशी घरच्यांना डेकवर बोलावलं होतं. पहिल्या तुकडीतल्या प्रत्येकाची डेकवरची एक फळी त्याच्या मालकीची मानायची, अशी त्यांच्यात रीत. आल्दो ऐटीत आपल्या फळीवर उभा राहिला.

“फळी मिळाली, आता बायको कधी करतोस?” रिनाच्या वडिलांनी, गाएतानोनी, सगळ्यांदेखत विचारलं.

“काका, पहिल्या तुकडीतला माणूस बोट अर्ध्यावर सोडत नाही. ही निवृत्त झाली की दुसऱ्या रविवारी लग्न. शब्द देतो!”

अशा बोटी वीस-पंचवीस वर्षं चालतात, हे क्विन्सीतलं शेंबडं पोरही सांगेल.

“माझा हात लागलाय,” रिना म्हणाली, “तीस वर्षं धर.”

मी मनातल्या मनात आकडा काढला. तेव्हा रिना चोपन्न वर्षांची, आणि मी बहुतेक देवाघरी.

एल्मायरानं काय केलं म्हणाल, तर क्युबाजवळ ऊन खाल्लं, ओढत नेलेल्या लक्ष्यावर तोफा डागल्या आणि एकदा आमच्या मूळ गावी, इटलीतल्या नेपल्सला जाऊन आली. तिथून आल्दोचं पत्र आलं. ‘काकी भेटली. लग्नाचं विचारत होती. बोट अजून नवी आहे म्हणून सांगितलं.’ लोकरीची बनियन घालतोस का, या माझ्या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हतं.

मग सत्तेचाळीसच्या वसंतात नौदलाच्या लक्षात आलं, की युद्ध संपलंय आणि बोटी फार झाल्यात. एल्मायरालाही रजा देणार, ही बातमी गाएतानोला गोदीत आधी कळली. टोपी न काढताच तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “बाई, रविवार कुठला?”

सुट्टीवर आलेला आल्दो पांढराफटक पडला. “निवृत्त नाही हो काका, राखीव! तोफांवर झाकणं घालतात, दारं बंद करतात. गरज पडली तर उद्या परत बोलावतील.”

रिना माझ्यासोबत शेंगा सोलत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, “बरं. मग आजपासून तूही राखीव. गरज पडली तर बोलावीन.”

त्याच शनिवारी ती एका दाताच्या डॉक्टरबरोबर नाचायला गेली.

“बाळा,” मी आल्दोला म्हटलं, “दाताचा दवाखाना कुणी राखीव ठेवत नाही रे.”

त्या रात्री तो जेवलाच नाही. दोन आठवड्यांनी बॉस्टनच्या धक्क्यावर एल्मायराचा निरोप होता. ध्वज उतरला, घडी घालून कॅप्टनच्या हातात दिला, आणि खलाशी ओळीनं खाली आले. आल्दो पिशवी खांद्यावर टाकून थेट रिनापुढे उभा राहिला.

“ध्वज उतरला.”

“दिसला.”

“म्हणजे... निवृत्तच म्हणायची.”

“कोण म्हणतं? राखीव ना ती?”

“चुकलो.”

“मोठ्यानं. गोदीत हातोडे ऐकून बाबांचे कान गेलेत.”

“निवृत्त झाली!” आल्दो असा ओरडला की कॅप्टननं वळून पाहिलं. “रिना, येत्या दुसऱ्या रविवारी. करशील ना?”

मी कपाळाला हात लावला. “दुसऱ्या कसं? लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं वाचून दाखवावी लागतात!”

गाएतानोनं घसा खाकरला. “आमच्या चर्चमध्ये दोनदा वाचून झालीत. तिसऱ्यांदा उद्या.”

आल्दो रिनाकडे बघत राहिला. ती बुटांचे बंद न्याहाळत होती.

“आणि तो दाताचा डॉक्टर?”

“चर्चमध्येच होता,” रिना म्हणाली. “दोन्ही रविवारी मन लावून ऐकत होता बिचारा.”