शैलाताईंना मी काय सांगितलं

हे मी कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि बहिणीला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तेसुद्धा फोन करून सांगते. मग तुम्हाला का? खरं सांगू, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढे हे बोलायची माझी छाती नाही.

मी बडोद्याची. जन्म इथला, लग्न इथलं, नोकरीही इथलीच. मानसिक आजारांच्या एका हॉस्पिटलात उभी हयात सिस्टर म्हणून काढली. हॉस्पिटलचं नाव नको, त्याचा यात काही दोष नाही. आता निवृत्त झाले आणि नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जाते. विषय कुठला देतात माहीत आहे? रुग्णाचे हक्क आणि आपली जबाबदारी. म्हणजे कायदा. वर्गात मी फार कडक आहे. 'मॅडम बहु कडक छे' असं मुली आपसात म्हणतात, आणि मेलं मला ते आवडतं!

मी त्यांना सांगते — रुग्णाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं असेल, दुसऱ्या डॉक्टरला उपचारासाठी लागत असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी नाही. एखादी पोरगी विचारतेच, "मॅडम, फक्त इथे ॲडमिट होता एवढंच सांगितलं तर?" मग माझा आवाज चढतो. अगं, तेच तर सांगायचं नसतं!

आता मृणालकडे यायला हवं. किती वेळ टाळणार?

मृणाल आमच्याकडे आली तेव्हा पंचविशीची असेल. शाळेत गणित शिकवायची. इथल्याच वासणा भागात आईबरोबर राहायची, वडील लहानपणीच गेलेले. तिची झोप उडाली होती, खाण्यात कुणी काही कालवतंय असं वाटायचं, आणि कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं सारखं ऐकू यायचं. आईने, कुमुदताईंनी, तिला समजावून आणलं. ओढून नाही, बांधून नाही — समजावून. मी अशा आया फार थोड्या पाहिल्या. कायद्याने रुग्णाला आपला एक माणूस निवडता येतो, जो त्याच्या वतीने बोलेल, उपचारांचं ठरवायला मदत करेल. मृणालने त्या अवस्थेतही एका क्षणात सांगितलं, आई. बाकी तेव्हा तिचा कुणावर विश्वास नव्हता. माझ्या हातचं पाणीसुद्धा आधी आईने प्यायलं तर ती प्यायची.

हळूहळू ती बरी झाली. माझ्याशी बोलायला लागली. घरी जाताना म्हणाली, "सिस्टर, हे बाहेर नाही ना जाणार?" मी म्हटलं, माझ्याकडून तर मुळीच नाही. असं शेकडो जणांना म्हणत आले होते, आणि पाळतही आले होते. तुम्हाला वाटेल, ही स्वतःची टिमकी वाजवतेय. नाही हो. पाळता येत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय.

कारण आमच्याकडे हे सोपं नसतं. बडोद्यातली आम्ही मराठी माणसं बाहेर केम छो, सारु छे करत हिंडतो, पण लग्न जमवायचं म्हटलं की फिरून आपलीच ओळखीपाळखीची घरं. आणि स्थळ आलं की चौकशी आली. पत्रिका मागाहून. मुलाची चौकशी ऑफिसात, मुलीची शेजारीपाजारी, आणि दोघांचीही माझ्याकडे! बायका हातात काहीतरी झाकून आणायच्या, चहा होईपर्यंत हवापाण्याचं बोलायच्या, आणि मग आवाज खाली — अमक्यांचं कुणी तुमच्या तिथे नव्हतं ना कधी?

त्यावर माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. 'मी कुणाबद्दलच काही सांगत नाही, माझ्या सख्ख्या भावाचं विचारलंत तरी नाही.' ज्याचं नाव जन्मात ऐकलं नाही त्याच्याबद्दलही हेच म्हणायचं. कारण निरोग्याबद्दल 'छे छे, काही नाही' म्हटलं की बाकीच्यांबद्दल गप्प राहण्याचा अर्थ लोकांना बरोबर कळतो. हे मी स्वतः शोधून काढलं होतं. अजून वर्गात शिकवते.

मृणालला बरी होऊन बरेच दिवस झाले होते. शाळा पुन्हा चालू, गोळ्या वेळेवर, तपासणीला स्वतः स्कूटर घेऊन यायची. एकदा लाजत लाजत म्हणाली, एक स्थळ आलंय. मुलगा रिफायनरीत आहे, दोनदा भेटलो, तिसऱ्यांदा भेटले की त्याला सगळं सांगणार आहे. मी स्वतः. आईला बोलू देणार नाही. "बरोबर आहे ना, सिस्टर?" मी म्हटलं, अगदी बरोबर. तुझी गोष्ट आहे, ती तूच सांगायची. कधी आणि कशी, तेही तूच ठरवायचं.

मुलाचं नाव तिने सांगितलं. शैलाताईंचा मुलगा! कारेलीबागेतल्या आमच्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर.

दोन-तीन दिवसांत शैलाताई आल्याच. डब्यात अळूवड्या. माझा चहा अजून उकळतही नव्हता आणि त्यांनी विचारलं, "वासण्याची ती मृणाल, गणिताची टीचर. तुमच्याकडे होती का हो? कुणीतरी म्हणत होतं, मध्ये ती बरेच दिवस शाळेत नव्हती."

माझं ते वाक्य कुठे गेलं? ओठांवर होतं हो. इतक्या वर्षांची सवय. आणि मी काय बोलले — शब्द न् शब्द आठवतो — मी म्हटलं, "शैलाताई, हल्लीची औषधं फार चांगली आहेत. गोळ्या नीट चालू ठेवल्या तर माणसं संसार करतात, नोकऱ्या करतात. घाबरण्यासारखं काही नसतं."

बघा, किती छान बोलले. एखाद्या भाषणात शोभेल. शैलाताई चहालाही थांबल्या नाहीत. "आभारी आहे हं, फार उपकार झाले," म्हणाल्या आणि गेल्या.

कितीतरी दिवस मी स्वतःला बजावत होते — मी तर तिची बाजू घेतली. मला तिचं भलंच करायचं होतं, पण तोंडातून निघून गेलं. अहो, काही निघून गेलं नाही. चहा ढवळताना माझ्या डोक्यात लख्ख होतं की या वाक्याने स्थळ मोडणार. मोडावं असंच मला वाटत होतं. का? शैलाताई शेजारच्या, उद्या काही झालं तर मला तोंडावर म्हणतील, तुम्हाला ठाऊक होतं आणि बोलला नाहीत — ही एक भीती. पण तीही वरवरची. त्याखाली काय होतं ते सांगते. माझाही मुलगा लग्नाचा होता. हे स्थळ त्याला आलं असतं तर? मी मृणालला सून करून घेतली असती? नसती. ज्या मुलीला मी दर तपासणीला 'तू अगदी बरी आहेस' म्हणत होते, तिला मी स्वतःच्या घरात घेतलं नसतं. आजार हा आजारासारखाच, त्यात लाज कसली, असं जन्मभर लोकांना सांगत हिंडले, आणि आतून मी शैलाताईंहून काडीचीही वेगळी नव्हते. लाज वाटते. फार लाज वाटते.

शैलाताईंनी 'पत्रिका जुळत नाही' असं कळवलं. मृणालने त्यावर विश्वास ठेवला. तिसरी भेट झालीच नाही. तिला जे स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं ते तिच्या आधी मी सांगून बसले होते. तो मुलगा तिच्याकडून ऐकून काय म्हणाला असता, कोण जाणे. कदाचित 'बरं मग' म्हणाला असता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हे कदाचित पोटात ठेवून मेले असते. पण काही महिन्यांनी त्या मुलानेच तिला फोन केला. त्याच्या मनाला लागून राहिलं होतं म्हणे. पत्रिकेचं खोटं होतं, आईला कुणीतरी तुझ्या आजाराचं सांगितलं, कुणी ते आई सांगत नाही.

मृणाल तडक माझ्याकडे आली. मी तिचं ब्लड प्रेशर घेत होते, दंडाला पट्टा गुंडाळलेला. ती रडत नव्हती. हिशेब मांडावा तसं बोलत होती — डॉक्टर सांगणार नाहीत, तुम्ही तर शक्यच नाही, मग उरलं कोण? आईच. हळदीकुंकवाला जाते, भजनाला जाते, कुठेतरी बोलली असणार.

तुम्ही तर शक्यच नाही! त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कुणी सांगायला नको. मी पंप दाबला, आकडा वाचला, आणि म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस गं." एवढंच. आपला माणूस म्हणून तिने आईचं नाव दिलं होतं ना, ते तिने त्याच वेळी काढायला सांगितलं. मी काढलं.

ती पुण्याला नोकरी घेऊन निघून गेली. आईशी बोलणं बंद. कुमुदताई वासण्याचं घर आवरून डभोईला भावाकडे राहायला गेल्या.

आता शेवटचं. हे लिहिताना हात थांबतोय, पण हेच सांगायचं होतं. बाकीचं सगळं याच्यापुढे काहीच नाही.

डभोईला जायच्या आधी कुमुदताई मला भेटायला आल्या. अगदी वाळून गेल्या होत्या. लेकीच्या आजारात ज्या बाईने पदर डोळ्याला लावला नाही, ती माझ्यासमोर ढसाढसा रडली. मग म्हणाल्या, "सिस्टर, मी खूप आठवून बघते हो. मी कुणाला बोललेली मला आठवत नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं असेल का? मनावर ताण असला की माणूस बोलून जातो आणि विसरतो, असं असतं का? तुम्हाला यातलं कळतं."

मला यातलं कळतं. असं होऊ शकतं, हे खरंही आहे. आणि मी त्यांचा हात हातात घेतला, माझा तो प्रेमळ, वॉर्डातला आवाज काढला आणि म्हटलं, "होतं असं कधीकधी, कुमुदताई. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवली, हळूहळू, जसं काही आठवलंच. अहो, जे घडलंच नाही ते त्यांना माझ्यामुळे आठवायला लागलं!

त्यानंतर एकदा डभोईहून त्यांचा फोन आला. आवाज मोकळा होता. म्हणाल्या, मी मृणालला फोन केला, चूक कबूल केली. माझ्याच तोंडून गेलं गं, म्हटलं, मला क्षमा कर. पोर आधी रडली, मग बोलली. आता आठवड्याला फोन करते. "तुम्ही त्या दिवशी समजावलंत म्हणून मला कबूल करायचं बळ आलं, सिस्टर."

मी म्हटलं, "बरं केलंत, कुमुदताई."