लिव्हरवाल्या बाईची बडदास्त

मला एका जागी बसवत नाही. चहा उभ्याने, जेवण अर्धं चुलीपाशी, अर्धं दारात. तरी गेलं वर्षभर मी तिरोड्यातल्या आमच्या घरी बाजेवर बसून काढलं, तेही नवऱ्याच्या धाकाने.

झालं असं, की माझ्या रक्तात हेपॅटायटिस सी निघाला. जुन्या ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं, तेव्हाच शिरला असावा. गोळ्या घेतल्या, व्हायरस गेला. मी आनंदाने कामाला लागले, तर आमचे हे आडवे आले. यांच्या थोरल्या भावाला कावीळ झाली होती. अंगात ताकद नसताना तो भाताच्या रोवणीच्या चिखलात उतरला, खायचं ते खात राहिला, आणि शेवटी पोटात पाणी होऊन गेला. तेव्हापासून या घरात एकच कायदा. लिव्हरच्या रोग्याने हलायचं नाही, तेलाला शिवायचं नाही, आणि गोड खायचं, म्हणजे लिव्हर थंड राहतं.

हे राइस मिलमध्ये कामाला. सकाळी निघण्याआधी स्वतः गूळ घालून पेज करत. दुपारी ताट भरून भात. संध्याकाळी पिशवीत उसाचा रस. मी झाडू उचलला की ओरडत, "काऊन उठली? बस खाली!"

"अवो, बसून बसून मले मुंग्या येऊन राहिल्या!"

"येऊ दे मुंग्या."

शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलं वं बाई. कसलं डोंबलाचं नशीब! सारखी तहान, ब्लाउज दंडात शिरेना, चार पावलं चालले की धाप. हे मात्र खूश. तब्येत सुधरून राहिली म्हणत.

मग गोंदियाला तपासणी झाली. लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारं मशीन बरगडीवर टेकवलं, टकटक झाली. हे गाडी लावायला गेले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंच्या समोर मी एकटीच. त्या म्हणाल्या, "व्हायरस तो गया ताई, वापस नहीं आया. लेकिन लिव्हर पहले से ज्यादा कडक है."

व्हायरस गेला तर कडक कशाने?

"शुगर बढ़ी है. लिव्हर पे चरबी चढ़ी है. पुराने जख्म पे अब ये नया काम चालू है. ऐसेही चला तो सिरोसिस होगा. अभी संभल सकता है. मीठा बंद, चावल आधा, रोज चलना." मग त्यांनी विचारलं, "दिनभर खाते क्या हो?"

मी सांगायला लागले. पेज, गूळ, रस. सांगता सांगता दाराकडे लक्ष गेलं, तर हे उभे. कधीचे उभे होते कोण जाणे, पण चेहऱ्यावरून कळलं, सगळं ऐकलंय.

परत येताना मी गाडीवर यांच्या मागे बसले. मला इतका राग आला होता की पाठीत दोन धपाटे घालावेत, आणि तीच पाठ बघून रडू येत होतं. भांडायचं तरी कशावरून? या माणसाने मला जपलं, यावरून?

घरी आल्यावर हे बाजेवर बसले. "भावाले बसवलं असतं तर वाचला असता, असंच वाटे मले," म्हणाले. "मंग तुले मीच मारून राहिलो होतो का?"

"मेले कुठं मी अजून? उठा! चपला घाला."

तेव्हापासून आम्ही रोज कालव्याच्या बाजूने चालतो. पुढची तपासणी व्हायची आहे. तोवर जिवाला चैन नाही. लिव्हरचा कडकपणा मागे फिरतोय की पुढे सरकतोय, काही कळत नाही. मी चालता चालता बरगडीखाली चाचपून बघते, जसं काही बोटांना कळणार आहे. वेडेपणा नुसता.

काल मला धाप लागली. हे पुढे होते, ते थांबले, वळले आणि सवयीने बोलून गेले, "बसते का वं जरा?" आणि लगेच चपापले. खाली मान घातली, माझ्याकडे बघेनात.

मी त्यांचा दंड धरला. म्हटलं, "नाही बसत. मले जगायचं आहे."