पार्वतीबाईंचं पूर्ण नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्या मैत्रिणींबरोबर तो अहवाल लिहिला त्यांनाही नाही. आता सांगते आहे, तर आवाज खाली घेऊन सांगणार नाही.

दोन हजार सालचा उन्हाळा. मी रत्नागिरीत एम.ए. करत होते. आम्हा चौघींचा संशोधनाचा विषय होता — गावोगावच्या बौद्धवाड्यांना पाणी मिळतं कुठून? मी माझंच गाव घेतलं, करंजकोंड. ओळखीचं, म्हणून सोपं जाईल. केवढी शहाणी मी!

गावाची सरकारी विहीर आमच्या आंब्याच्या कलमांना लागून. बौद्धवाडीची विहीर आटली की तिथल्या बायका इकडे यायच्या, आणि नेमकं तेव्हाच विहिरीवरच्या जाळीला कुलूप लागायचं. किल्ली बाकी सगळ्या वाड्यांत फिरायची. यांनी मात्र हंडे ठेवून लांब उभं राहायचं — कुणी ओतेल तेव्हा न्यायचं. बौद्धवाडीतल्या पार्वतीबाईंनी हे सगळं मला सांगितलं. फॉर्मवर नावाचा रकाना रिकामा ठेवून मी पुढे निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

"बाय, माजा पुरा नाव लिव. कुलूप कुनाचा, ता पन लिव. मी लपून नाय सांगत."

कुलूप कुणाचं, मला ठाऊक नव्हतं का? फिरून किल्ली आमच्याच माजघरात खुंटीला यायची. कुलूप माझ्या वडिलांचं.

दोन्ही नावं लिहिली मी — आणि अहवालाच्या पक्क्या प्रतीत दोन्ही गाळली. 'क्ष गाव'. 'एक महिला, वय पन्नास'. 'काही ग्रामस्थ'. गोपनीयता म्हणे! सरांनी कौतुक केलं. अहवालाच्या जाहीर वाचनाला आलेल्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी विचारलं, "गाव कोणतं? उद्याच माणूस पाठवतो." मी म्हटलं, सांगता येणार नाही.

मागच्या खुर्चीत पार्वतीबाई होत्या. मीच बोलावलं होतं, नाव गाळण्याआधी. ठेवणीतलं लुगडं नेसून एसटीने आल्या होत्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "माजा नाव कुठं गेला, बाय?"

कुलूप पुढे चार उन्हाळे तसंच होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

घरचे म्हणतील, वडील थकलेत, आता कशाला उकरतेस? रागावू देत. मला घरात लाडकी राहायचं होतं — एवढंच कारण होतं, याहून मोठं काही नव्हतं. माफीसाठी हे लिहीत नाही. त्या दिवशी वाचायचं राहिलं, ते वाचते आहे.

गाव करंजकोंड. कुलूप माझ्या वडिलांचं. नाव गाळणारी मी. सांगणाऱ्या — पार्वती सोनू तांबे.