नाव सांगणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण चंद्रभागा, कुठल्याही बाळाचं नाव ऐकलं की त्यामागे 'आजी' किंवा 'आजोबा' लावून बघायच्या. "पाळण्यात काय, कुठलंही नाव शोभतं," म्हणायच्या. "सत्तरीत शोभायला हवं." एका बारशात त्या 'संगीता आजी' म्हणाल्या, तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायका पोट धरून हसल्या. नाव तेव्हा अगदी नवं होतं. आता त्या सगळ्या संगीता गुडघे धरून जिना चढतात.

चाळीतल्या निम्म्या मुलांच्या कानात नाव वन्संनीच सांगितलं. ज्या बाळाला आत्या नसे, त्याच्या घरचेही त्यांनाच बोलवायचे. माझ्या मुलाचं संदीप हे नाव त्यांचंच. तेव्हा हाक मारली की चार दारांतून चार संदीप बाहेर यायचे.

तेच सुनेने धरून ठेवलं. नातीच्या बारशाआधी केतकी म्हणाली, "आई, आत्यांना नको. परत एखादं शालिनीसारखं जुनं नाव काढतील. माझी बहीण सांगेल नाव." संदीप फोनमध्ये बघत राहिला. मी कणीक मळत राहिले. मला चारचौघांत सोडा, घरातही बोलता येत नाही.

वन्संना कळवायचं काम माझ्यावर आलं. दोनदा प्रभादेवीला त्यांच्याकडे गेले आणि बोंबलांचा भाव बोलून परत आले. तिसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "नाव मी सांगायचं नाही, हेच ना गो? चपला झिजवू नकोस. काय ठरलं नाव?"

"मायरा."

"मायरा आजी," त्या पुटपुटल्या. "चालेल. तोवर सगळ्या म्हाताऱ्या मायराच असतील."

त्यांना नाव पसंत आहे, त्यांनाच सांगू द्या, एवढंच घरी बोलायचं होतं. आठवडाभर जिभेवर होतं. नाही बोलले.

बारशाच्या दिवशी हॉलमध्ये वन्सं मागच्या रांगेत बसल्या. केतकीच्या बहिणीने माईकवर नाव सांगितलं, टाळ्या झाल्या. निघताना वन्सं जिन्यात मला म्हणाल्या, "सगळ्या हॉलला सांगितलं गो. पोरीच्या कानाशी कोणी वाकलंच नाही."

मी आत गेले. "हिला जरा वाऱ्यावर नेते," असं केतकीला म्हणून पोरीला जिन्यात घेऊन आले. वन्सं वाकल्या. कानाशी ओठ नेऊन त्यांनी हळूच नाव सांगितलं, एकदा नाही, तीनदा. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका बुक्के मारतात. तिथे मी एकटीच होते, मीच मारले.

"हळू गो," त्या म्हणाल्या, "हाडंच राहिलीत."

दोन महिन्यांत वन्सं गेल्या. केतकीला हे अजून सांगितलेलं नाही. मायरा आता विचारलं की स्वतःचं नाव सांगते. तिला ते कानात कोणी सांगितलं, हे माहीत असलेली मी एकटीच उरले आहे, आणि त्यानेच जिवाला चैन पडत नाही.