कागदी कपॅसिटरमधला आवाज

पर्वत पाटियाच्या मागं एका खोलीत आम्ही खान्देशी गडी राहायचो. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गादीवर आडवा. अशा खोलीत बायकोला आणणार कुठं? ती नंदुरबारजवळ गावी, मी सुरतेत कापडाच्या लूमवर. नव्वदनंतरची ती वर्षं, आमच्यासारख्यांकडं फोन कसला! गावाहून कुणी येणार असलं की त्याच्या पिशवीत ती आपल्या आवाजाची कॅसेट घालायची.

लूमच्या खडखडाटानं आमचे कान आधीच गेलेले. टेपच्या टीचभर स्पीकरमधून काय कपाळ ऐकू येणार? म्हणून एका मंडपवाल्यानं भंगारात काढलेला वाल्व्हचा अॅम्प्लिफायर मी आणून टेपला जोडला होता.

त्या वर्षी श्रावणात कानबाईच्या सणाला सुट्टी मिळाली नाही. तिनं बायकांबरोबर म्हटलेली कानबाईची गाणी भरून पाठवली. शेवटी नुसतं एवढंच, "मी बरी शे. जीवले जपा." काय भरदार आवाज यायचा तो! खाली सारखी घूं घूं चाललेली, पण त्या घूं घूंचं मला काही वाटायचं नाही. पाळीवरून आलो की आधी कॅसेट, मग भाकरी.

पुढं घूं घूं इतकी वाढली की गाणं बुडायला लागलं. एक वाल्व्ह तर लालबुंद व्हायचा. रिपेरीवाल्याकडं नेला. त्यानं आतले मेण लावलेले कागदी कपॅसिटर काढून माझ्यापुढं धरले. "भाई, कागळ घरडो थई गयो," म्हणाला. कागद म्हातारा झाला, त्यातून वीज गळते. त्यानं सगळे नवे प्लास्टिकचे बसवले.

खोलीवर येऊन कॅसेट लावली. घूं घूं गायब. बायकांच्या बांगड्यासुद्धा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. आणि तिचा आवाज? बारीक, खरवडलेला, वरच्या सुराला फाटणारा.

माझं डोकंच फिरलं. तसाच दुकानावर गेलो. "माझ्या बायकोचा आवाज कुठं घातलास रे?" गिऱ्हाइकं हसायला लागली. तो शांतपणे म्हणाला, जुने गळत होते म्हणून आवाजावर साय धरायची, जाड व्हायचा. आता कॅसेटमध्ये आहे तेच येतंय. मी म्हटलं, मला माझे जुने परत बसवून दे. ते त्यानं कधीच फेकून दिले होते, आणि बसवले असते तरी वाल्व्ह जळला असता. मला वाटेला लावायला म्हणाला, थोडे दिवस वाजवा, नवा माल आहे, बसेल.

मी वेडा वाजवत राहिलो. रोज कान लावून बघायचो, आज तरी जाड झाला का. खोलीतले चिडवायचे, "भाऊ, कपॅसिटर मुरना का लोणचासारखा?" मी हसायचो, पण आतून तुटायचो. गाव लांब, बायको लांब, आणि जवळ होता तो आवाजही गेला. तिच्याच तोंडून एकदा ऐकावा म्हणून जीव नुसता तडफडायला लागला. शेवटी शेठ नाही म्हणत असतानाच गाडीत बसलो.

ती ओट्यावर धान्य निवडत होती. मला बघून उभी राहिली.

"उनात का?" आलात का, एवढंच म्हणाली.

तोच आवाज. बारीक, खरवडलेला. त्या नव्या कपॅसिटरनं केसाएवढंही खोटं काढलं नव्हतं.

मी विचारलं, घशाला काय झालं? ती मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जात होती, मला न सांगता. दिवसभर तिखटाच्या धुळीत बसून घसा गेला होता.

"कवयपासून?"

"मागला मिरचीना हंगामपासून," ती म्हणाली. "कॅसेटमा तुमले समजनं नही का?"