भाऊजींच्या समुद्राचा रंग

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या बरोबर मधोमध भंडारा जिल्हा नेऊन ठेवण्यात देवानं आपल्यावर खासगी सूड उगवला आहे, असं मानणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. भाऊजींचं भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांचं दुकान आहे. साठी उलटली, पण समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. वैनगंगेवर त्यांचा तसा राग नाही. फक्त "पानी गोडं आहे तिचं," हे ते अशा सुरात सांगतात, की जणू चांगल्या घरच्या मुलीत नेमकी एकच खोट निघावी. चार वर्षांपूर्वी नागपुरात एका डॉक्टरकडे नंबराची वाट पाहताना त्यांनी भिंतीतल्या पेटीत जिवंत प्रवाळ पाहिलं. पाहता पाहता नंबर निघून गेला, दुखणं तसंच राहिलं, आणि महिनाभरात बैठकीतला सोफा मागच्या पडवीत जाऊन त्याच्या जागी चार फुटांची काचेची पेटी आली. पेटीत दोन मासे आणि तीन प्रवाळं: एक जांभळं, एक हिरवं, एक गुलाबी. सहा महिन्यांत तिन्हींचा रंग उडून ती सारखीच भुरकट तपकिरी झाली, आणि तेव्हापासून तो रंग परत आणणं हेच भाऊजींचं जीवितकार्य होऊन बसलं.

मी पवनीला राहतो. कचेरीच्या कामानं भंडाऱ्याला गेलो की जेवण बहिणीकडे. तिला आम्ही सगळे 'बाई' म्हणतो. जेवताना भाऊजी मला प्रवाळाचं शास्त्र समजावतात. "त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहते, साळेबुवा. पान्यात खानं जास्त झालं का ते शेवाळ माजते. मंग अंगचा रंग दिसन कसा?" म्हणून माशांना दिवसातून एकदा, चिमटीत जेमतेम सापडेल एवढंच खाणं. मला मात्र चौथ्यांदा भात वाढून वर आग्रह, "तुमच्या अंगात कुठं शेवाळ आहे? खा!" दर रविवारी पाण्याची परीक्षा. काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, गुलाबी रंग चढला की तो छापील पट्टीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. स्वतःच्या डोळ्यांवर भाऊजींचा भरवसा नाही, म्हणून ते नळी घेऊन दारात उभे राहतात आणि रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवतात. एकदा त्यांनी पोस्टमनची सायकल धरली. "बाप्पा, तुमचे डोळे चांगले आहेत. हा गुलाबी, का हा गुलाबी?" पोस्टमननं दोन्ही नीट निरखून "दोनी गुलाबीच आहेत," असा निकाल दिला. भाऊजींनी त्या आठवड्यात पोस्टावर विश्वास ठेवला नाही.

दिव्याचंही तसंच. पेटीवरचा दिवा आठवड्याला कणभर वाढवायचा, एकदम नाही. मी एकदा म्हटलं, लावून टाका ना पूर्ण, रंग लवकर येईल. भाऊजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "धान रोवल्यावर पयला हप्ता पिवळंच दिसते. म्हून कोनी उपटून पाहते का? जीव धरू द्या त्याले." संध्याकाळी पांढरा दिवा विझतो आणि निळा तेवढा उरतो. ती वेळ मला फार आवडते. सगळी बैठक निळी होते. माझा पांढरा सदरा उजळतो, सुपातले तांदूळ उजळतात, ते निवडणारे बाईचे हात पाण्याखाली असल्यासारखे हळू हलतात. बाहेर ऑटोवाले भोंगे वाजवत असतात, पण ते कुठल्या तरी दुसऱ्या गावात. पाण्याचा पंप एकसुरी गुणगुणतो, बोलणं आपोआप हळू होतं आणि दोन वाक्यांमध्ये पुष्कळ जागा पडते. त्या निळाईत बसून मी पवनीच्या किती तरी एसट्या चुकवल्या आहेत, आणि एकीचंही मला वाईट वाटलेलं नाही.

या सगळ्या कारभारात बाईकडे एकच काम होतं. पेटीतलं पाणी वाफेनं घटतं, तेवढं शुद्ध पाणी रोज वरून ओतायचं. आता, प्लास्टिक या वस्तूला भाऊजींच्या घरात चाळीस वर्षं प्रवेश नव्हता. पाणी शुद्ध करायचं यंत्र नाइलाजानं आणलं, पण ते प्लास्टिकचं म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवलेला. मिठाचं पाणी कालवायला मातीचा रांजण, कारण मिठानं पितळेवर डाग पडतो हे त्यांना धंद्यातून पक्कं ठाऊक. आणि शुद्ध पाणी साठवायला बाईचा गुंड, म्हणजे आमच्याकडची पितळी घागर. आमच्या आईनं लग्नात दिलेला तो गुंड बाई चिंचेनं घासून आरशासारखा ठेवायची. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून बाईचं बोलणं अगदी तुटलं होतं. हो, नाही आणि जेवायला चला, एवढंच. पण पेटीत पाणी ओतताना ती प्रवाळांशी बोलायची. "पी वं बाई, पी. आज लय ऊन आहे." भाऊजी तेव्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत आणि पान उलटत नसत.

मग नवतपा आला. उन्हाळ्याचे सगळ्यांत कडक ते नऊ दिवस. पाणी थंड राहावं म्हणून घरातला पंखा पेटीकडे वळला आणि आम्ही पाहुणे घामानं निथळत बसलो. पंख्यानं पाणी भराभर आटू लागलं, तसा बाईचा गुंड दिवसातून तीनदा रिता होऊ लागला. आणि प्रवाळं मिटायला लागली. आधी तपकिरी होती, आता आक्रसून काळपट पडली. भाऊजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी त्यांनी नागपूरच्या मत्स्यालयवाल्याला फोन लावला. कानाला लावून त्यांना ऐकू येत नाही, म्हणून फोन टेबलावर, आवाज मोठा करून. पलीकडच्यानं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "काका, पान्यात तांबं उतरून राहिलं कुठून तरी. प्रवाळाले ते जहरच आहे. पितळ-बितळ लागून राहिलं का पान्याले?"

भाऊजींनी फोन ठेवला. समोरच गुंड चकाकत होता. चार पिढ्या पितळ विकणाऱ्या घरातला माणूस त्या गुंडाकडे पाहत राहिला, आणि मला खरोखर त्यांच्याकडे पाहवेना. मग सैपाकघराकडे नजर टाकून हळूच म्हणाले, "तुमच्या बहिनीले सांगाचं नाई. तिले कळलं तं पेटीजवळ येनं सोडते. मंग हे घर पुन्हा मुकं."

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या स्कूटरवर मी त्यांना शेजारच्या वरठीला नेलं. भंडाऱ्यात कुणी त्यांना प्लास्टिक घेताना पाहिलं असतं, तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरली नसती. दुकानात त्यांनी पांढरा डबा हातात घेतला आणि सवयीनं बोटानं वाजवून पाहिला. टप्प असा आवाज आला. भाऊजींचा चेहरा पडला, पण डबा घेतला, आणि येताना चादरीत गुंडाळून मांडीवर धरला. घरी बाईला म्हणाले, "गुंड ठेवून दे आता. डॉक्टर म्हनते, तुह्या मनगटाले वजन चालत नाई."

"कोनता डॉक्टर?" बाईनं विचारलं.

"तोच. मासेवाला."

बाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, "बरं" म्हणाली आणि डबा उचलला.

पुढे कितीदा तरी पाणी बदललं, तांबं शोषून घेणाऱ्या पुड्या टाकल्या, आणि दिवाळीच्या सुमारास मी गेलो तेव्हा जांभळ्याच्या कडेला रंगाची एक रेघ उमटली होती. बाई म्हणाली वांग्याच्या फुलाचा रंग, भाऊजी म्हणाले त्याहून गहिरा, आणि या एका रेघेवर दोघं तासभर भांडली. मग हिरवंही उजळलं. गुलाबी मात्र गेलं. त्याचा पांढरा सांगाडा उरला आहे. भाऊजी तो काढत नाहीत. "झोपलं आहे," बाईला सांगतात, "जागं होईन."

गेल्या महिन्यात बाई मला पोचवायला फाटकापर्यंत आली. म्हणाली, "ते गुलाबी मेलं आहे रे. माह्याच हातानं गेलं. फोन तवा मोठ्यानंच चालू होता, मी सैपाकघरात सारं ऐकलं."

मी म्हटलं, "मंग भाऊजीले सांगत काहून नाईस?"

"काय सांगू? रोज सांजच्याले म्हनतात, झोपलं आहे म्हून. म्हनताना माह्याकडं पाहत नाईत. मले त्याईची लय माया येते रे तवा."

खिडकीतून निळा उजेड येत होता. आत भाऊजी स्टुलावर चढून दिव्याचं तोंड त्या पांढऱ्या प्रवाळाकडे अंगठाभर वळवत होते, आणि स्टूल डुगडुगत होतं. बाई लगबगीनं आत गेली, आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहिली.