मोसंबीच्या बुंध्याशी

औरंगपुऱ्यातल्या अनंतरावांच्या घरी तीन पिढ्या कोर्टातली कारकुनी. त्यांचा श्रीधर १९६४ साली परभणीच्या शेतकी कॉलेजात निघाला, तेव्हा आई यमुनाबाई म्हणाल्या, "नांगरच धरायचा होता, तर एवढं शिकवलं कशाला?" श्रीधरचा मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला होता, एवढंच कारण.

पहिल्या महिन्यात हाताला फोड आले. पुढे मात्र पिकांच्या रोगांत त्याचा जीव रमला. चार वर्षांनी वर्गात तिसरा आला आणि पैठण रस्त्यावरच्या गावांसाठी शेतकी खात्यात लागला.

तिथल्या रामकिसननं मोसंबीची साठ कलमं नुकतीच लावली होती. वाऱ्यानं ती हलतात, अशी त्याची तक्रार.

"बुंध्याला मातीची भर द्या," श्रीधर म्हणाला. "कलमाचा सांधा झाकला तरी चालेल."

दुसऱ्या पावसाळ्यात बुंध्यांतून डिंक गळू लागला. एकोणीस झाडं वाळली. श्रीधर सायकलवर गेला, एका झाडाची भर हातानं उकरली. खालची साल काळी पडून कुजली होती.

"भर द्यायला मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "चूक माझी."

रामकिसननं उकरलेली माती पायानं बाजूला सारली. "झालं ते झालं, सायेब. पन बाकीची झाडं कामून पिवळी पडायलीत? त्यांची भर तर म्या कवाच काढली."

श्रीधर पिवळ्या झाडांच्या रांगेतून शेवटपर्यंत फिरून आला.

त्यानं बिनपगारी रजा टाकली आणि एम.एस्सी.ला नाव घातलं. अनंतराव चिडले. "लागलेली नोकरी टाकून परत वसतिगृह?"

"भर काढलेली झाडंसुद्धा कशानं गेली ते मला कळलेलं नाही, बाबा."

दोन वर्षं तो प्रयोगशाळेत कुजक्या मुळांवरची बुरशी काचेच्या बशीत वाढवत राहिला. परत आला तेव्हा रामकिसननं बाग उपटून बाजरी पेरली होती. श्रीधर बांधावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं: बुरशी मातीतच असते, पाणी साचलं की मुळांत शिरते, आणि जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळांवर बांधलेली कलमं तिला लवकर बळी पडतात; रामकिसनची तसलीच होती.

"मंग ती आजून रानात असंल."

"आहे."

"मंग लावू का नगं?"

"रंगपूर लिंबाच्या खुंटावरची लावा. गादीवाफा उंच करा, सांधा मातीच्या वर ठेवा, पाणी बुंध्याला लागू देऊ नका."

रामकिसननं बाराच लावली. वर्षभरात त्यातली दोन गेली. श्रीधरनं त्यांची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तपासायला घेऊन गेला.